डोळ्याला दिसतें तें मनाला कळतें काय?

तीन भांडीं घ्यावींत. एकांत हाताला सोसवेल इतकें ऊन पाणी, दुसऱ्यांत माठांतलें गार पाणी आणि मधल्या भांड्यांत कोमट पाणी भरावें. उजवा हात ऊन पाण्यांत व डावा हात गार पाण्यांत दोन मिनिटें बुडवून ठेवावा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यांत घालावे. पाणी एकच, भांडें एकच आणि माणूसही एकच; परंतु उजवा हात साक्ष देतो कीं हें पाणी गार आहे, आणि डावा हात शपथेवर सांगतो कीं तें ऊन आहे! इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हा दोन हातांचा विरोध नोंदवून ठेवला आहे. आंघोळीचें पाणी निवलें कीं नाहीं यावरून घरोघरीं जो वाद होतो, त्यांत दोन्ही पक्ष खरें बोलत असण्याचा संभव असतो, ही गोष्ट गृहशांतीच्या दृष्टीनेंही लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या लहानशा प्रयोगांत मानसशास्त्राचा एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. त्वचेंतील ज्ञानतंतू तपमापकासारखे अंश मोजून सांगत नाहींत. आधींच्या स्थितींत बदल किती झाला, हें मुख्यतः ते कळवितात. बाहेरील वस्तूचा इंद्रियावर आघात होऊन ही जी पहिली वर्दी मेंदूकडे जाते, तिला संवेदन म्हणतात. त्या वर्दीचा अर्थ लावून ‘हें अमुक आहे’ असा जो निश्चय मन करतें, तें प्रत्यक्ष ज्ञान. आपल्या न्यायशास्त्रानें निर्विकल्पक प्रत्यक्ष आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा जो भेद केला, तो याच्या पुष्कळच जवळचा आहे. ‘कांहींतरी आहे’ एवढाच बोध पहिल्यांत असतो. ‘ही पांढरी गाय आहे’ हा बोध दुसऱ्यांत येतो. संधिप्रकाशांत दोरीला साप समजून जो दचकतो, त्याच्या डोळ्यांचा कांहीं अपराध नसतो. डोळ्यांनीं लांबट, वळलेली आकृति तेवढी कळविलेली असते. साप मनानें आणलेला असतो. आणि तो कां आणला, हें पाहूं गेलें तर तिसरी गोष्ट पुढें येते, ती म्हणजे प्रेरणा. भय, भूक, गरज, आशा यांचा हात वस्तु ओळखण्याच्या कामांत आरंभापासून असतो.

संवेदनाची मोजदाद प्रथम जर्मनींत झाली. लाइप्झिग येथील प्राध्यापक एर्न्स्ट हाइन्रिख वेबर यानें १८३४ मध्यें आपले स्पर्शाविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याला असें आढळलें कीं, वजनांतला फरक हाताला कळण्यासाठीं तो फरक किती मोठा आहे याला महत्त्व नसून, मूळ वजनाचा तो कितवा भाग आहे याला महत्त्व आहे. हातांत एक किलोची पिशवी असतां तींत वीस-पंचवीस ग्रॅमांची भर पडली तर ती जेमतेम जाणवते. तीच भर पांच किलोंच्या पिशवींत पडली तर हाताला पत्ताही लागत नाहीं; तेथें शंभर-सव्वाशें ग्रॅम वाढावे लागतात. पुढें फेखनर यानें १८६० मध्यें याच शोधावर आपलें सूत्र उभारलें. बाहेरचा आघात भूमिति-श्रेढीनें वाढत गेला तर आंतली जाणीव गणित-श्रेढीनें वाढते, असें त्याचें म्हणणें होतें. शाळेंत श्रेढींची उदाहरणें कंटाळून सोडविणाऱ्यांना हीं गणितें आपल्याच अंगांत चाललेलीं आहेत असें कोणीं सांगितलें असतें, तर कदाचित् तीं अधिक गोड लागलीं असतीं. फार मंद किंवा फार तीव्र आघातांना हें सूत्र नीटसें लागू पडत नाहीं हें पुढें सिद्ध झालें. पण मनाचा व्यापार मोजतां येतो, हा विश्वास त्यानें दिला.

इंद्रियें दुबळीं आहेत, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. १९४२ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत हेख्त, श्लेर आणि पिरेन या तिघांनीं अंधारास सरावलेल्या डोळ्यास जाणवणारा अगदीं कमीतकमी प्रकाश मोजला. नेत्रपटलाने पांच ते चौदा प्रकाशकण शोषले तरी ‘दिसलें’ अशी जाणीव होते, असा त्यांचा हिशेब निघाला. याहून फारसें सूक्ष्म यंत्र असणें शक्यच नाहीं. परंतु याच नेत्रपटलांत एक भोंकही आहे. जेथून दृष्टितंतूंची जुडी डोळ्याबाहेर पडते तेथें प्रकाश घेणाऱ्या पेशीच नाहींत. हा अंधबिंदु फ्रेंच शास्त्रज्ञ मारिऑट यानें १६६० च्या दशकांत दाखवून दिला. कागदावर सुमारें आठ सेंटीमीटर अंतरानें डावीकडे एक फुली व उजवीकडे एक ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्यानें फुलीकडे टक लावावी आणि कागद सावकाश जवळ आणावा. साधारण तीस सेंटीमीटर अंतरावर ठिपका नाहींसा होतो. नवल पुढेंच आहे. ठिपक्याच्या जागीं काळें भोंक दिसत नाहीं. तेथें कोरा कागद दिसतो! जेथून वर्दीच आली नाहीं, तेथें मनानें आजूबाजूचा कागद पसरून जागा भरून काढली. मनुष्य जन्मभर हें भोंक घेऊन वावरतो आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

आतां प्रश्न असा कीं, हें अर्थ लावण्याचें सामर्थ्य जन्मतःच मिळतें, कीं तें अनुभवानें शिकावें लागतें? डब्लिन शहरीं विल्यम मोलिन्यू नांवाचे एक विद्वान् गृहस्थ होते. त्यांची पत्नी विवाहानंतर लौकरच अंध झाली होती. तेव्हां हा प्रश्न त्यांच्यापुढें केवळ ग्रंथांतून आलेला नसावा. त्यांनीं लॉकला पत्रानें विचारलें: जन्मांध मनुष्य घन आणि गोल हातानें चांचपून ओळखावयास शिकलेला आहे, त्यास एकाएकीं दृष्टि आली तर हात न लावतां, नुसत्या नजरेनें, यांतला घन कोणता व गोल कोणता हें तो सांगूं शकेल काय? लॉकनें हा प्रश्न १६९४ मधल्या दुसऱ्या आवृत्तींत छापला आणि मोलिन्यूंप्रमाणेंच ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. पुढें तीन शतकें तत्त्वज्ञ यावर भांडत राहिले. कारण खरें उत्तर देणारा साक्षीदार मिळणें फार कठीण.

एक साक्षीदार १७२८ मध्यें मिळाला. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेझल्डन यांनीं तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून त्याला दृष्टि दिली आणि त्याची हकीकत प्रसिद्ध केली. आरंभीं त्या मुलाला अंतर म्हणून कांहीं कळेना. जें दिसे तें सारें डोळ्यांना येऊन टेकलें आहे असें त्याला वाटे. घरांतलें मांजर कोणतें व कुत्रा कोणता हें तो वारंवार विसरे, आणि विचारावयाची लाज वाटे. एके दिवशीं त्यानें मांजर पकडलें, अंगावरून हात फिरवून ओळखलें, मग त्याच्याकडे टक लावून नीट पाहून घेतलें आणि आतां पुढच्या वेळीं तुला ओळखीन, अशा अर्थाचें कांहीं बोलून त्याला सोडून दिलें. आईच्या घड्याळांत बसविलेली वडिलांची लहानशी तसबीर दाखविली, तेव्हां एवढा मोठा चेहरा एवढ्याशा जागेंत कसा मावला, हें कोडें त्याला उलगडेना. ज्यांना जन्मापासून दिसतें त्यांना या शंकेचें हसूं येईल. पण तसबीर पाहणें ही सुद्धां शिकावयाची विद्या आहे, हें त्यावांचून कळलें नसतें.

विसाव्या शतकांत या प्रश्नाला भयंकर गंभीर रूप आलें. अमेरिकेंत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनीं १९६० च्या दशकांत मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. जन्मानंतरचे पहिले कांहीं महिने पिलाचा एक डोळा शिवून बंद ठेवला आणि मग उघडला, तर डोळा निरोगी असूनही मेंदू त्याची दाद घेत नाहीं. मेंदूंतील त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानें बळकाविलेली असते. या कामगिरीबद्दल दोघांना १९८१ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच होतें. परंतु या शोधावरून एक समजूत रूढ झाली. ती अशी कीं, जन्मतः मोतीबिंदु असलेल्या मुलाचा डोळा पहिल्या कांहीं वर्षांत उघडला नाहीं, तर पुढें शस्त्रक्रिया करून लाभ नाहीं. खेड्यापाड्यांतल्या आईबापांनीं दहा वर्षांच्या अंध मुलाला मोठ्या कष्टानें शहरांतल्या डॉक्टरांकडे आणावें, आणि ‘आतां फार उशीर झाला’ हें ऐकून परत न्यावें, याची कल्पना प्रत्येकानें करून पाहावी. येथें संवेदन आणि प्रत्यक्ष हा भेद पुस्तकांतला राहत नाहीं. डोळ्यांत प्रकाश शिरण्याची सोय करणें हें शस्त्रवैद्याच्या हातीं आहे. पण मेंदू त्या प्रकाशाचा अर्थ लावूं शकेल काय, यावर एका मुलाचें सारें आयुष्य अवलंबून आहे.

मोलिन्यूंच्या प्रश्नाचें शास्त्रशुद्ध उत्तर अखेर मिळालें तें भारतांत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेंत प्राध्यापक असलेले भारतीय शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनीं एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. उत्तर भारतांतल्या खेड्यांतून उपचार होऊं शकेल अशीं अंध मुलें शोधावयाचीं, दिल्लीच्या श्रॉफ धर्मादाय नेत्ररुग्णालयांत त्यांची शस्त्रक्रिया करवावयाची, आणि दृष्टि आल्यावर तीं पाहावयास कशीं शिकतात याचा अभ्यास करावयाचा, अशी ही दुहेरी योजना. सेवा आणि शास्त्र यांचा असा सरळ संयोग क्वचितच पाहावयास मिळतो. पुष्कळ शास्त्रीय काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडून घेतलेलें दिसतें. त्या पार्श्वभूमीवर हें काम विशेष उठून दिसतें.

या उपक्रमांतील पांच मुलांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. मुलांचें वय आठ ते सतरा वर्षांचें होतें. खेळांतल्या ठोकळ्यांसारख्या वस्तूंच्या जोड्या त्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, पहिल्या एकदोन दिवसांतच, देण्यांत आल्या. हातानें चांचपलेली वस्तु पुन्हां हातानेंच ओळखण्यांत त्यांची चूक जवळजवळ होत नव्हती. नजरेनें पाहिलेली वस्तु नजरेनें ओळखणेंही त्यांना चांगलें साधत होतें. पण हातानें चांचपलेली वस्तु नजरेनें ओळखा म्हटलें, कीं सारा खेळ अंदाजपंचें! नाणें उडवून उत्तर दिलें असतें तर जितकीं बरोबर आलीं असतीं, त्याहून फारशीं अधिक आलीं नाहींत. म्हणजे मोलिन्यू व लॉक यांचें ‘नाहीं’ बरोबर ठरलें. परंतु शिक्षकाला आनंद व्हावा अशी गोष्ट पुढची आहे. ज्यांची परीक्षा पुन्हां घेतां आली, त्या मुलांना कांहीं दिवसांतच, मुद्दाम कोणतीही शिकवणी न देतां, तेंच काम चांगलें जमूं लागलें. हात आणि डोळा यांची ओळख जन्मतः नव्हती; पण ओळख करून घेण्याची तयारी मात्र इतक्या वर्षांच्या अंधारानंतरही मेंदूंत शिल्लक होती.

नव्यानें पाहूं लागलेल्यांच्या इतर अडचणीही मोठ्या बोधप्रद आहेत. एकमेकांवर आलेले दोन आकार त्यांना दोन दिसत नाहींत. रेघा जेथें जेथें छेदतात तेथें तेथें तुकडा पडतो आणि प्रत्येक तुकडा निराळी वस्तु वाटते. मात्र त्यांतला एक आकार हलूं लागला, कीं जें जें एकत्र हलतें तें तें एक, असा धागा मनाला सांपडतो आणि वस्तु सुटी होऊन दिसूं लागते. पाळण्यावर हलतें चिमणाळें टांगणाऱ्या आजीबाईंना हा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण त्यांचा व्यवहार त्याला धरून होता असें म्हणावयास हरकत नाहीं. या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाहीं, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. फार दिवस बंद राहिलेल्या डोळ्याला बारीक अक्षर दिसण्याची शक्ति बहुधा कमीच राहते. म्हणून नवजात बालकाच्या बाहुलींत पांढुरकें दिसतांच त्याला विनाविलंब नेत्रवैद्याकडे नेणें हाच सर्वांत उत्तम मार्ग होय. ह्यूबेल व वीझल यांचा शोध खोटा ठरला असें नाहीं. त्यावरून ‘उशीर झाला, आतां राहूं द्या’ असा जो निष्कर्ष काढला गेला, तो मात्र टिकला नाहीं.

मग सारेंच ज्ञान शिकून येतें काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. १८८९ मध्यें म्यूलर-लायर यानें एक आकृति दिली. सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांना बाणासारखीं आंत वळलेलीं पंखें, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेलीं. दुसरी रेघ लांब दिसते, आणि पट्टीनें मोजून खात्री केली तरी लांबच दिसत राहते. हा भ्रम आयुष्यभर भिंतींचे व घरांचे कोपरे पाहून पाहून जडतो, असें पुष्कळांचें मत होतें. परंतु २०१५ मध्यें याच उपक्रमांतील नऊ मुलांना शस्त्रक्रिया होतांच ती आकृति दाखविली, तेव्हां तींही तत्काळ फसलीं! ज्यांनीं कधीं भिंतीचा कोपरा पाहिला नव्हता, त्यांनाही दुसरी रेघ लांब दिसली. म्हणजे कांहीं हिशेब मेंदू घेऊनच जन्मतो, आणि कांहीं त्याला बाजारांत जाऊन शिकावे लागतात.

आतां प्रेरणेकडे वळावयाचें. १९४७ मध्यें जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन यांनीं दहा वर्षांच्या मुलांपुढें नाणीं ठेवलीं आणि प्रकाशाचें एक वर्तुळ लहानमोठें करून नाण्याएवढें करण्यास सांगितलें. मुलांनीं नाणीं खऱ्याहून मोठीं दाखविलीं. तेवढ्याच आकाराच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. आणि श्रीमंतांच्या मुलांपेक्षां गरिबांच्या मुलांनीं नाणीं अधिक मोठीं दाखविलीं. पुढच्या कांहीं तपासण्यांत गरीब-श्रीमंतांतला हा फरक इतका ठळक आढळला नाहीं, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तथापि गरजेचें बळ किती असतें याचा याहून कठोर पुरावा उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. युद्धानें उपासमार झालेल्या लोकांना पुन्हां सुदृढ कसें करावें, हें शिकणें हा हेतु होता. त्यांचीं वजनें जवळजवळ चतुर्थांशानें घटलीं. पण मनाचें काय झालें? ज्यांना स्वयंपाकांत कधीं गोडी नव्हती ते पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. राजकारण, विद्या, स्त्रियांची सोबत यांतलें लक्ष उडालें. बोलणें अन्नाविषयीं, स्वप्नें अन्नाचीं. वर्गांत उपाशी पोटीं बसलेल्या मुलाला ‘लक्ष कोठें आहे?’ असें दरडावून विचारणाऱ्या गुरुजींना या प्रश्नाचें उत्तर या प्रयोगांत सांपडेल. त्याचें लक्ष नाहींसें झालेलें नसतें. तें फार निग्रहानें एका जागीं लागलेलें असतें, इतकेंच.

इच्छा जशी दाखविते तशी ती लपवितेही. १९९९ मध्यें सायमन्स आणि शॅब्री या दोघांनीं प्रेक्षकांना एक चित्रफीत दाखवून, तींतले खेळाडू चेंडू किती वेळां फेंकतात हें मोजावयास सांगितलें. मध्येंच गोरिलाचा पोशाख चढविलेली व्यक्ति खेळाडूंमधून चालत आली, छाती बडवून गेली. आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाहीं. नेत्रपटलावर गोरिलाची आकृति उमटली होती यांत शंका नाहीं. मन मोजण्यांत गुंतलें होतें.

संवेदन, प्रत्यक्ष आणि प्रेरणा हीं तिन्ही एकाच आयुष्यांत कशीं गुंतलेलीं असतात, हें मानसशास्त्राच्या ग्रंथांतून ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाच्या हकीकतींत दिसतें. तान्हेपणीं दृष्टि गेलेला हा मनुष्य जोडे दुरुस्त करून स्वावलंबनानें राहत असे. १९५८-५९ च्या हिवाळ्यांत, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, त्याच्या डोळ्यांवर नवें पारपटल बसविण्यांत आलें. रिचर्ड ग्रेगरी व त्यांच्या सहकारी जीन वॉलेस यांनीं त्याचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांनीं ते त्याला भेटले तेव्हां भिंतीवरचें घड्याळ तो सहज वाचूं शकत होता. कारण कांच नसलेल्या घड्याळाचे कांटे चांचपून वेळ ओळखण्याची त्याला संवय होती. इंग्रजी मोठीं अक्षरें तो ओळखी, कारण अंधशाळेंत तीं त्याला स्पर्शानें शिकविलीं होतीं. लहान अक्षरें मात्र त्याला वाचतां येईनात, कारण तीं शिकविलींच नव्हतीं. लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत त्याला कातकामाचें यंत्र दाखविलें. यंत्रांची त्याला पूर्वीपासून फार हौस. पेटीच्या कांचेआड तें असतांना त्याला कांहीं उमगेना. पेटी उघडल्यावर त्यानें डोळे घट्ट मिटले, अधीरपणें यंत्रावरून हात फिरविला, मग मागें सरून डोळे उघडले. आणि आतां हाताला कळल्यावर तें आपल्याला दिसतें आहे, असें तो म्हणाला.

पण हौस टिकली नाहीं. अंध असतांना काठी पुढें करून जो गर्दीचा रस्ता निर्भयपणें ओलांडीत असे, तोच आतां धांवत्या गाड्या पाहून भ्यावयास लागला. अंध असतां लोक त्याच्या कर्तबगारीचें कौतुक करीत. डोळस झाल्यावर तो एक कच्चा, चांचपडणारा डोळस ठरला. रंग उडालेल्या भिंती, वस्तूंवरचे डाग आणि ओरखडे पाहून त्याला खेद होई. दृष्टीची जी आशा त्यानें पन्नास वर्षें बाळगली होती, तिच्या मानानें जग फिकें निघालें. तो खिन्न होत गेला आणि १९६० मध्यें वारला. शेवटच्या दिवसांत संध्याकाळ झाली कीं तो पुष्कळदां दिवा न लावतां अंधारांतच बसून राही.